ज्येष्ठ नागरिक आणि वस्तुसंचयाचा विकार : कुटुंबाची व समाजाची जबाबदारी

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला 'साठेबाजी' हा शब्द चांगल्या परिचयाचा असतो. भाव वाढावेत म्हणून व्यापारी माल दडवून ठेवतो, टंचाई निर्माण होते आणि शासनाला १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याचा आधार घ्यावा लागतो. या साठ्यामागे नफ्याचा स्वच्छ हिशेब असतो. प्रस्तुत लेखाचा विषय असलेला साठा मात्र वेगळ्या जातीचा आहे. त्यात जुनी वर्तमानपत्रे, रिकामे डबे, फाटक्या पिशव्या, बंद पडलेली घड्याळे, तीस वर्षांपूर्वीची वीजबिले आणि कधीच न वापरलेली भांडी असतात. साठवणाऱ्याला त्यातून नफा होत नाही. उलट राहते घर हळूहळू राहण्याजोगे उरत नाही. आपल्या शहरांत 'होर्डिंग' म्हटले की जाहिरातीचा फलक डोळ्यांसमोर येतो. त्यामुळे या अवस्थेला रूढ नावही मिळालेले नाही. 'म्हातारपणाचा हेका', 'कंजूषपणा' किंवा 'घाणेरडी सवय' अशा शब्दांत तिची बोळवण केली जाते. येथे तिला 'संचय-विकार' असे म्हटले आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या सुमारे १०.३८ कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. लोकसंख्येच्या अधिकृत प्रक्षेपणानुसार २०३६ पर्यंत ती सुमारे २३ कोटींवर जाईल. २०१७-१८ मध्ये मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या सहभागाने झालेल्या वार्धक्यविषयक दीर्घकालीन पाहणीत असे आढळले की, साठीपुढील सुमारे सहा टक्के व्यक्ती एकट्या राहतात. टक्केवारी लहान वाटली तरी माणसांची संख्या लहान नाही. एकटे राहणाऱ्या वृद्धाच्या घरात काय चालले आहे, हे बहुतेक वेळा दूधवाला किंवा शेजारी यांनाच प्रथम कळते.

विकार कशाला म्हणावे?

अमेरिकी मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये आपल्या वर्गीकरणाच्या पाचव्या आवृत्तीत या अवस्थेला स्वतंत्र विकार म्हणून स्थान दिले. तोवर ती मंत्रचळाचे एक लक्षण किंवा व्यक्तिमत्त्वातील दोष मानली जात असे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीतही तिचा स्वतंत्र समावेश असून ही आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली आहे. व्याख्येचा गाभा असा : वस्तूची प्रत्यक्ष किंमत काहीही असो, ती टाकून देणे व्यक्तीला अतिशय कठीण जाते. टाकण्याच्या कल्पनेनेच तिला तीव्र क्लेश होतात. त्यामुळे घरातील जागा इतकी भरून जाते की तिचा मूळ उपयोग होऊ शकत नाही. पलंगावर झोपता येत नाही, ओट्यावर स्वयंपाक करता येत नाही, न्हाणीघरात अंघोळ करता येत नाही.

व्याख्येतील एक बारकावा भारतीय वाचकाने विशेष लक्षात घ्यावा. घर मोकळे दिसत असेल, पण ते केवळ दुसरे कोणी सतत आवरत असल्यामुळे मोकळे असेल, तरीही विकार अस्तित्वात असू शकतो. आपल्याकडे पत्नी, सून किंवा मोलकरीण हे आवरण्याचे काम वर्षानुवर्षे करीत असते. किशोरवयातच पहिल्या खुणा दिसू लागणारा आणि दर दशकात तीव्र होत जाणारा हा विकार त्यामुळे चाळीस-पन्नास वर्षे झाकलेला राहू शकतो. पुढे जोडीदाराचे निधन होते, मुले बंगळुरू किंवा न्यू जर्सीला स्थायिक होतात आणि दोन-तीन वर्षांत दिवाणखाना दिसेनासा होतो. 'आई गेल्यापासून बाबांचे असे झाले' असे मुले सांगतात. पुष्कळदा ते आधीपासूनच तसे होते. आई ते आवरत होती, एवढेच.

विविध देशांतील पाहण्यांचे २०१९ मध्ये झालेले एकत्रित विश्लेषण प्रौढांमधील प्रमाण सुमारे अडीच टक्के दर्शविते. या पाहण्या विकसित देशांतील आहेत. भारतातील २०१५-१६ चे राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण जुन्या वर्गीकरणाच्या आधारे झाले, त्यामुळे आपल्या घरांना ती टक्केवारी जशीच्या तशी लावणे योग्य होणार नाही.

संग्राहक आणि संचय करणारा यांत गल्लत होऊ नये. पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयातील सुमारे वीस हजार वस्तू दिनकर गंगाधर केळकर यांनी गावोगाव हिंडून जमविल्या, तर हैदराबादचे सालारजंग संग्रहालय तिसऱ्या सालारजंगांच्या संग्रहातून १९५१ मध्ये उभे राहिले. वस्तूंची संख्या पाहिली तर या दोघांपुढे कोणताही संचय फिका पडेल. पण संग्राहक निवडतो, मांडतो, नोंद ठेवतो आणि अभिमानाने दाखवतो. संचय-विकाराने ग्रासलेली व्यक्ती दार अर्धेच उघडते. पाहुणे येऊ नयेत म्हणून ती सणवार टाळते आणि नळ गळत असला तरी दुरुस्तीला माणूस बोलावीत नाही. हा संकोच हेच अनेकदा पहिले लक्षण असते.

टंचाईचे सोपे स्पष्टीकरण

या विषयावर बोलताना आपल्याकडे एक उत्तर तयार असते : 'त्या पिढीने टंचाई पाहिली आहे.' उत्तर पटण्यासारखे आहे. फाळणीत घर सोडून आलेली कुटुंबे, १९४३ चा बंगालचा दुष्काळ, महाराष्ट्रातील १९७२ चा दुष्काळ, रेशनच्या रांगा, स्कूटर व टेलिफोनसाठी वर्षानुवर्षांची प्रतीक्षा, हे सारे आज सत्तरी-ऐंशीत असलेल्या कोणी ना कोणी अनुभवले आहे. दोरीचा तुकडाही जपून ठेवावा, हा त्या काळचा शहाणपणा होता. अर्थतज्ज्ञालाही हे स्पष्टीकरण सोयीचे वाटते, कारण ते उत्पन्न आणि किंमत यांच्या भाषेत बसते.

परंतु संशोधन त्याला पाठिंबा देत नाही. रँडी फ्रॉस्ट आणि रेचल ग्रॉस यांच्या १९९३ मधील अभ्यासात पूर्वायुष्यातील आर्थिक वंचितता आणि संचय यांत संबंध आढळला नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लंडनमधील अभ्यासाचा निष्कर्षही तसाच होता. मात्र आघात, जवळच्या माणसाचा मृत्यू, अकस्मात झालेला वियोग यांच्याशी या विकाराचा संबंध दिसून आला. तसेच जवळच्या नात्यात दुसऱ्या कोणाला हाच त्रास असल्याचे सुमारे निम्म्या रुग्णांच्या बाबतीत आढळते. साधी काटकसर करणारी लक्षावधी माणसे टंचाईतून गेली आणि त्यांची घरे नीटनेटकी राहिली, हेही विसरून चालणार नाही. हा भेद केवळ शास्त्रीय नाही. टंचाई हेच कारण मानले, तर 'आता आपल्याकडे सगळे आहे, टाका ते' असा उपाय सुचतो आणि तो हमखास फसतो. वियोग हे कारण ध्यानात घेतले, तर त्या ढिगाऱ्यात कोणाची साडी आहे, कोणाची पत्रे आहेत, हे आधी विचारावेसे वाटते.

किमतीचा हिशेब का चालत नाही?

एक ढोबळ गणित मांडून पाहू. समजा, दररोजच्या वर्तमानपत्राचे वजन १५० ग्रॅम आहे. वर्षाला सुमारे ५५ किलो, म्हणजे वीस वर्षांत जवळजवळ अकरा क्विंटल कागद जमा होतो. रद्दीचा दर किलोला १२ रुपये धरला तर त्याचे सुमारे १३ हजार रुपये येतील. कमरेच्या उंचीपेक्षा थोडे वर रचले तरी हे गठ्ठे वीस चौरस फूट जागा अडवतात. शहरात दहा हजार रुपये चौरस फूट या दराने त्या जागेची किंमत दोन लाख होते. तेरा हजारांच्या वस्तूंसाठी दोन लाखांची जागा अडली आहे, हे निवृत्त लेखापालालाही मान्य होईल. तरीही तो एक गठ्ठा हलवू देणार नाही.

वर्तनवादी अर्थशास्त्राने यावर काही प्रकाश टाकला आहे. जी वस्तू आपल्या मालकीची झाली, तिचे मोल आपल्या मनात वाढते, या प्रवृत्तीकडे रिचर्ड थेलर यांनी १९८० मध्ये लक्ष वेधले. पुढे डॅनियल काह्‌नमन आणि जॅक नेच यांच्यासह त्यांनी केलेल्या प्रयोगात ज्यांना साधा चहाचा मग दिला गेला, ते तो विकण्यासाठी खरेदीदारांच्या देकाराच्या साधारण दुप्पट किंमत मागत होते. मग हातात येऊन काही मिनिटेच झाली होती. तो तीस वर्षे घरात असता तर? संचय-विकारात ही सार्वत्रिक प्रवृत्ती टोकाला गेलेली दिसते. तिच्या जोडीला 'कधीतरी उपयोगी पडेल' हा विचारही असतो. भावी उपयोगाची शक्यता शून्य नसते, हे खरे. पण प्रत्येक वस्तूसाठी ती शक्यता राखून ठेवायची म्हटले की कोणतीच वस्तू सापडत नाही आणि गरज पडल्यावर नवीन विकत आणावी लागते.

निर्णय घेण्यातील अडचण मेंदूच्या पातळीवरही नोंदली गेली आहे. डेव्हिड टॉलिन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रुग्णांना स्वतःचे आणि दुसऱ्याचे कागद ठेवायचे की फाडायचे, असा निर्णय घेण्यास सांगितले. दुसऱ्याच्या कागदांबाबत मेंदूतील काही केंद्रांची हालचाल मंद, तर स्वतःच्या कागदांबाबत तीच केंद्रे अतिशय उत्तेजित झालेली आढळली. तेव्हा आळस किंवा हट्ट हे शब्द येथे लागू पडत नाहीत. घरच्यांना क्षणात सुटणारा प्रश्न त्या व्यक्तीला परीक्षेतील अवघड प्रश्नासारखा भासतो, आणि असे हजारो प्रश्न खोलीत पडलेले असतात.

उतारवयात आधी वैद्यकीय तपासणी

एखाद्या नीटनेटक्या व्यक्तीने पासष्टी-सत्तरीनंतर प्रथमच वस्तू जमविण्यास सुरुवात केली, तर तिच्याकडे संचय-विकार म्हणून न पाहता प्रथम मेंदूचा आजार म्हणून पाहावे. स्मृतिभ्रंश, विशेषतः मेंदूच्या पुढच्या भागाला ग्रासणारा प्रकार, पक्षाघाताचा झटका किंवा डोक्याची जुनी इजा यांमुळे रस्त्यावरील निरुपयोगी वस्तू उचलून आणणे, खाद्यपदार्थ गादीखाली दडविणे असे वर्तन सुरू होऊ शकते. अशा वेळी वस्तूंशी भावनिक नाते सहसा नसते. काय आणले हेही आठवत नाही. वर उल्लेखिलेल्या पाहणीशी संलग्न अभ्यासानुसार भारतात साठीपुढील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे. नैराश्यामुळेही घर आवरण्याची शक्ती नाहीशी होते. गुडघेदुखी, मोतीबिंदू अशी अगदी साधी कारणेही असतात. वाकता येत नाही म्हणून खाली पडलेले खालीच राहते. डॉक्टरांकडे जाताना घराची दोन-तीन छायाचित्रे, अर्थात त्या व्यक्तीच्या संमतीने, सोबत न्यावीत. बाह्यरुग्ण विभागात स्वच्छ कपडे घालून आलेल्या, व्यवस्थित बोलणाऱ्या वृद्धाकडे पाहून घराची कल्पना येत नाही.

अतिरेकी आत्मदुर्लक्ष आणि अस्वच्छतेच्या अवस्थेला 'डायोजेनिस लक्षणसमूह' असे नाव १९७५ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकातील लेखात क्लार्क, मणकीकर आणि ग्रे यांनी दिले. हे नाव काहीसे अन्यायाचेच म्हणावे लागेल. ग्रीक तत्त्ववेत्ता डायोजेनिस रांजणात राहत असे आणि त्याच्याजवळ जवळजवळ काहीच नव्हते!

वैद्यकीय उपचारांपैकी विचार व वर्तन यांवर आधारित मानसोपचार सर्वाधिक अभ्यासला गेला आहे. केवळ या विकारासाठी मान्य झालेले औषध नाही. मात्र सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांत सोबत आढळणाऱ्या नैराश्यावर किंवा चिंतेवर औषधांचा उपयोग होतो. ज्येष्ठांना नेहमीच्या मानसोपचाराचा लाभ तुलनेने कमी होतो, असे दिसल्यानंतर कॅलिफोर्नियातील कॅथरीन एअर्स यांनी नियोजन, स्मरण व वर्गवारी यांचे प्रशिक्षण आणि वस्तू टाकण्याचा प्रत्यक्ष सराव यांची सांगड घालणारी पद्धत विकसित केली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तिचे परिणाम आश्वासक होते. या पद्धतीतील तत्त्व घरच्यांनाही उपयोगी आहे : वृद्धांशी कारणांची चर्चा थोडी आणि हाताने करावयाचा सराव अधिक.

एका रात्रीत घर रिकामे करू नये

वडील रुग्णालयात किंवा तीर्थयात्रेला गेले असताना मुलांनी टेम्पो बोलावून घर साफ करणे, हा आपल्याकडील सर्वांत प्रचलित उपाय आहे. हेतू प्रेमाचा असतो. परिणाम मात्र बहुधा उलट होतो. व्यक्तीचा विश्वास कायमचा उडतो, ती दाराला दुसरे कुलूप लावते, आणि रिकामी जागा पूर्वीपेक्षा जलद भरते. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील आरोग्य अधिकाऱ्यांच्या २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत एका लहान गावाचे उदाहरण आहे. तेथील आरोग्य विभागाने आपल्या निधीचा मोठा भाग एकच घर मोकळे करण्यात खर्च केला. दीड वर्षाने तीच तक्रार पुन्हा दाखल झाली. सार्वजनिक पैशाच्या दृष्टीनेही हा व्यवहार तोट्याचा ठरला.

त्याऐवजी प्रथम सुरक्षितता हे उद्दिष्ट ठेवावे. घर सुंदर दिसावे ही अपेक्षा काही काळ बाजूला ठेवावी लागेल. पलंगापासून संडासापर्यंतची वाट, बाहेरचे दार पूर्ण उघडण्याइतकी जागा, गॅसची शेगडी व सिलिंडरचा रेग्युलेटर, विजेचा मीटर व बटणांचा फलक, देवघरातील समई-उदबत्तीच्या भोवतालची दोन-तीन फूट जागा, औषधांची एकच निश्चित पेटी, या ठिकाणांपासून आरंभ करावा. मेलबर्नच्या अग्निशमन दलाच्या नोंदींवर आधारलेल्या २००९ मधील अभ्यासात अशा घरांतील आगी एकूण निवासी आगींच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी होत्या. परंतु टाळता येण्याजोग्या मृत्यूंपैकी २४ टक्के मृत्यू त्यांत झाले होते. आपल्याकडे पावसाळ्यात भर पडते ती ओल, उंदीर आणि गच्चीवरील डबे-कुंड्यांत साचणाऱ्या पाण्यातून होणाऱ्या डासांची. या सर्व गोष्टी व्यक्तीशी बोलताना 'अडगळ' हा शब्दही न उच्चारता मांडता येतात.

बोलण्याची रीत येथे निर्णायक ठरते. 'बाबा, हा कचरा किती दिवस ठेवणार?' या प्रश्नाला बचावाखेरीज दुसरे उत्तर असू शकत नाही. 'बाबा, रात्री उठल्यावर तुमचा पाय अडकू नये, म्हणून या वाटेवरची कोणती पिशवी आपण आधी हलवू या?' असे विचारले, तर निर्णय त्यांच्या हाती राहतो. वस्तूला हात लावण्यापूर्वी प्रत्येक वेळी परवानगी घ्यावी. ती व्यक्ती वस्तूला जे नाव देते, तेच आपणही वापरावे. 'सामान' म्हणत असेल तर 'सामान', 'कागदपत्रे' म्हणत असेल तर 'कागदपत्रे'. नातवंडांसमोर थट्टा करू नये. बदलाची इच्छा तिच्याच तोंडून निघेल अशा बेताने प्रश्न विचारावेत : दिवाळीला बहीण उतरायला आली तर कोठे झोपेल? हार्मोनियम पुन्हा वाजवावीशी वाटते का? ती कशाखाली आहे?

कामाची बैठक लहान असावी. आठवड्यातून दोनदा, पाऊण ते एक तास, सकाळी, चहानंतर. एका वेळी एकच जागा घ्यावी, उदाहरणार्थ टेबलाचा डावा कोपरा. ठेवायचे, कोणाला द्यायचे, विकायचे आणि 'नंतर ठरवू' असे चार भाग पुरतात. चौथ्या भागाची पेटी मात्र एकच हवी, आणि तिच्यावर तारीख हवी. टाकल्यावर होणारा क्लेश खरा असतो, पण तो सहसा उतरतो. म्हणून पहिली वस्तू अगदी क्षुल्लक निवडावी आणि दुसऱ्या दिवशी 'काल किती वाईट वाटले, आज किती वाटते?' एवढेच विचारावे. नवीन वस्तू घरात येण्याचा वेग कमी झाला नाही, तर हे सारे श्रम वाया जातात. बहुसंख्य रुग्णांत अनावश्यक वस्तू आणण्याची प्रवृत्तीही असते. फुकट मिळालेली पिशवी, प्रदर्शनातील पत्रके, एकावर एक मोफतची खरेदी, यांचीही चर्चा व्हावी.

वस्तू कोठे जाणार, याला वृद्धांच्या दृष्टीने फार महत्त्व असते. भंगारवाल्याच्या गाडीत फेकली जाणारी पुस्तके त्यांना सहन होत नाहीत. तीच शाळेच्या वाचनालयाला देताना त्यांचा चेहरा बदलतो. 'गूंज' ही १९९९ पासून कार्य करणारी संस्था शहरांतील वापरण्याजोगे कपडे व सामान ग्रामीण भागात पोहोचवते. पुण्यात कचरावेचकांची 'स्वच्छ' सहकारी संस्था आहे. कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण ही आपली जुनी संस्थाच म्हणावी लागेल, मात्र तिच्याकडून भांडे घेऊ नये, कारण एक गाठोडे जाऊन दोन पातेली येतात. दिवाळीपूर्वीची साफसफाई किंवा तमिळनाडूत पोंगलच्या आदल्या दिवशी येणारी भोगी, यांसारख्या प्रथांनी टाकून देण्याला प्रतिष्ठा दिली आहे. आधी ठरवून, थोड्या वस्तूंपुरता त्या दिवसांचा आधार घेण्यास हरकत नाही.

रद्दीत दडलेली संपत्ती

वृद्ध व्यक्ती म्हणते, 'त्यात महत्त्वाचे कागद आहेत', आणि घरचे हसतात. या मुद्द्यावर वृद्धांचे म्हणणे अनेकदा बरोबर असते. मुदत ठेवींच्या पावत्या, विमापत्रे, कागदी समभाग प्रमाणपत्रे, मृत्युपत्र, जमिनीचे उतारे याच गठ्ठ्यांत सापडतात. दहा वर्षे हालचाल नसलेल्या बँक खात्यांतील रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत वर्ग होते. फेब्रुवारी २०२३ अखेर एकट्या सार्वजनिक क्षेत्रातील बँकांनी अशा सुमारे ३५ हजार कोटी रुपयांच्या ठेवी वर्ग केल्या होत्या. अशा ठेवींचा शोध घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये 'उद्गम' हे संकेतस्थळ सुरू केले. सूचिबद्ध कंपन्यांच्या कागदी समभागांचे सर्वसाधारण हस्तांतरण १ एप्रिल २०१९ पासून बंद झाले असल्याने ती प्रमाणपत्रे वेळीच डीमॅट करून घेणे हिताचे असते. २०१६ च्या नोटाबंदीनंतर कित्येक घरांत जुन्या पाचशे-हजारांच्या नोटा मुदत उलटल्यावर सापडल्या, हेही स्मरणात असेल.

म्हणून कागदांचा गठ्ठा वजनावर कधीही देऊ नये. प्रत्येक कागद पाहिला जाईल, असे वचन द्यावे आणि ते पाळावे. काम संथ होते, पण एक हरवलेली पावती सापडली की पुढील दहा गठ्ठ्यांसाठी संमती मिळते.

कायदा कोणाच्या बाजूने?

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ३ नुसार मानसिक आजाराची निश्चिती मान्यताप्राप्त वैद्यकीय निकषांनी, जागतिक आरोग्य संघटनेच्या अद्ययावत वर्गीकरणासह, करावयाची आहे. अकराव्या आवृत्तीतील समावेशाचे महत्त्व येथे दिसते. त्याच अधिनियमाच्या कलम ४ मध्ये म्हटले आहे की, एखाद्या व्यक्तीचा निर्णय इतरांना अयोग्य किंवा चुकीचा वाटतो एवढ्यावरून तिला निर्णयक्षमता नाही, असे मानता येणार नाही. घर भरलेले आहे, म्हणून वडील 'अक्षम' ठरत नाहीत. कलम ५ नुसार भावी उपचारांविषयी पूर्वनिर्देश देता येतो आणि कलम १४ नुसार आपला प्रतिनिधी नेमता येतो. विकार सौम्य असतानाच हे दोन्ही करून ठेवावे.

दुसरी बाजूही विचारात घ्यावी लागते. विकाराचे निमित्त करून घर नावावर करून घेण्याचे प्रकार संभवतात. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ च्या कलम २३ नुसार, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता ती अट मोडल्यास परत मिळवता येते. हाउसिंग सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांनीही नोटीस बजावण्यापूर्वी नातेवाईक व डॉक्टर यांच्याशी बोलणे इष्ट. शेजाऱ्यांचा आगीपासून व दुर्गंधीपासून संरक्षण मिळण्याचा हक्क तितकाच खरा आहे; पण जिन्यातील सामान हलविण्याची मागणी आणि घरातील सामान हलविण्याची मागणी यांत फरक केला पाहिजे.

सेवा आहेत, दुवा नाही

'टेलि-मानस' ही १४४१६ क्रमांकाची दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून, तर ज्येष्ठांसाठीची 'एल्डरलाइन' १४५६७ या क्रमांकावर ऑक्टोबर २०२१ पासून उपलब्ध आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम ७०० हून अधिक जिल्ह्यांत पोहोचला आहे. २०१०-११ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्य सेवा कार्यक्रमात घराबाहेर पडू न शकणाऱ्या वृद्धांना आरोग्य कर्मचाऱ्याने घरी जाऊन भेटण्याची तरतूद आहे. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढील सर्वांना आयुष्मान भारत योजनेचे पाच लाखांपर्यंतचे संरक्षण लागू झाले, परंतु ते रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. संचय-विकाराचा उपचार रुग्णशय्येवर होत नाही, तो घरातच व्हावा लागतो. मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा समुपदेशक बाह्यरुग्ण विभागात बसतो आणि घरी जाणाऱ्या कर्मचाऱ्याच्या नोंदपत्रकात रक्तदाब व साखर असते. पलंगावर झोपता येते काय, संडासाची वाट मोकळी आहे काय, बाहेरचे दार पूर्ण उघडते काय, हे तीन प्रश्न त्या पत्रकात घातले, तर निदानाचा पहिला टप्पा फारशा खर्चाविना पार पडेल.

त्यापुढील खर्चाचाही अंदाज करता येतो. प्रचलित मानसोपचार पद्धतीत सुमारे २६ बैठका अपेक्षित असतात. प्रत्येक बैठक घरी, दोन तासांची धरली तर ५२ तास होतात. प्रशिक्षित समाजकार्यकर्त्याला तासाला ३०० रुपये द्यावयाचे ठरविले, तरी एका व्यक्तीमागे १५,६०० रुपये लागतील. सामानात अडखळून पडलेल्या वृद्धाच्या नितंबाचे हाड मोडले, तर विद्यमान योजनेतून शस्त्रक्रियेचा खर्च मिळतो. तो प्रसंग टाळण्यासाठी लागणारे हे १५,६०० रुपये मात्र सध्याच्या कोणत्याही शीर्षाखाली बसत नाहीत. वृद्ध आरोग्य सेवा कार्यक्रमाच्या जिल्हा निधीतून काही निवडक शहरांत, कोलकाता, चेन्नई, पुणे यांसारख्या जुन्या वस्त्यांच्या आणि वृद्धांची संख्या मोठी असलेल्या ठिकाणी, दोन वर्षांसाठी असा प्रयोग करून पाहता येईल.